सुमित्राची शीशी

लिहा, पण मी जे सांगतो तेच लिहा, अन् उठून जायच्या आधी मले पुरं वाचून दाखवा, हे पहिलेच सांगून ठेवतो, मंग म्हणू नका का शामराव असा कसा माणूस आहे. मी असाच आहे. तुम्ही कोण्या औषधवाल्याचे माणूस तर नाही न जी? नाही म्हणता, ठीक आहे, चेहरा तर खोटा दिसत नाही तुमचा, पण चेहऱ्याचं काय घेऊन बसले, वरून रंगदार दिसणारं संत्रं आतून पोचट निघते, हे मी हजार खेप पाहिलं आहे.

तर जन्म माझा रामाकोन्याचा. आजा वरुडकडून इकडं आला, बापानं थोडंसं वावर केलं, कपाशी अन् बांधाकडं संत्र्याची दहा-बारा झाडं. आम्ही दोघं भाऊ, मोठा महादेव अन् मी. महादेव भोळा, कोणी काही सांगितलं का हो म्हणे. मी लहानपणापासूनच शकी, मायनं ताटात भाकर वाढली तर भावाच्या भाकरीशी लावून पाहो का कोणती मोठी आहे. माय म्हणे, हे पोट्टं मोठं होऊन पोलीस होते. पोलीस काही झालो नाही, सौंसरले आलो अन् बगीचा चाखणारा झालो, अन् तुम्हाले सांगतो, त्या धंद्यात माझा हाच गुण कामी आला.

आता तुम्हाले माहीत नसन म्हणून सांगतो. संत्र्याचा बगीचा झाडावरच विकला जाते. व्यापारी राहते दिल्लीकडचा, पांढुर्ण्याले गाडीत माल भरते अन् चालला जाते, त्याले काय समजते कोणत्या झाडाचा माल गोड अन् कोणत्याचा आंबट. म्हणून तो आपला एक माणूस पाठवते, चाखाले. तो माणूस म्हणजे मी, पंचवीस वर्षं, सौंसर, मोहगाव, लोधीखेडा, ह्या बाजूचा एक बगीचा सोडला नाही मी. मालक काय करते, या शामरावजी, बसा शामरावजी, अन् हात धरून विहिरीजवळच्या झाडाकडं नेते, कारण त्या झाडाले पाणी भरपूर, खत भरपूर, त्याचं फळ गोड राहणारच. मी त्या झाडाकडं पाहो पण नाही. मी सीधा जाओ पार कोपऱ्यात, खडकाळ जागेत जे मरतुकडं झाड आहे तिथं, अन् वरचं उनातलं फळ नाही घ्याचं, आतलं, सावलीतलं, खालचं घ्याचं. मालकाचं तोंड तिथंच उतरे. दोन फाका तोंडात टाकल्या का मी सांगो, ह्या बगीच्यात इतका माल गोड अन् इतका सोडून द्या. लोक म्हणे शामराव चावून थुकून काहून देत नाही. अहो, थुकणाऱ्याले काय समजते! आंबटपण जिभेवर नाही कळत, गळ्यातून उतरते तवा कळते. जो थुकते तो चाखणारा नाही.

पोट मोठं होतं माझं तवा. धोतर पोटाच्या खाली बांधो. चालताना दम लागे, पण त्याले कोणी बिमारी नाही समजत होतं, उलट लोक म्हणे शामरावचं चांगलं चालून राहिलं.

महादेवची गोठ सांगल्याशिवाय पुढचं समजणार नाही तुम्हाले. महादेवले शुगर होती. कोणाले माहीत होतं? पायात बोरीचा काटा गेला, हळद लावली, चुना लावला, कोणी म्हणे अमुक पाला बांधा, बांधला, त्याले जो जे म्हणे ते तो करे. बोट काळं पडलं, मंग पाऊल. नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात नेलं तवा डॉक्टर म्हणे आता आणता का. सुया लावल्या, पाय कापला गुडघ्याखालून. वापस आणला छोट्या लाईनच्या गाडीनं, रामाकोन्याच्या टेसनावर मीच त्याले पाठकुळी घेऊन उतरवला, अन् काय सांगू तुम्हाले, तो एवढा हलका लागला का मले भेव वाटला. चार महिन्यात गेला. पुरं गाव म्हणे सुईनं मेला, सुई लागली का माणूस वापस येत नाही. मी पण तेच म्हणो. आज म्हणत नाही, तो सुईनं नाही मेला, उशीर झाला म्हणून मेला, पण हे समजाले मले लय वर्षं लागली. तवा माझ्या डोक्यात एकच बसलं होतं, काही होवो, मले सुई नको अन् माझा पाय कोणी कापाले नको.

अन् मले झाली न जी तीच बिमारी. कशी समजली ते ऐका. घराच्या मागं परसात मी पेशाबले जाओ तिथं मुंग्या लागाले लागल्या. रोज. लाल मुंग्यांची रांगच रांग. मले वाटलं शेजाऱ्यानं काहीतरी करून टाकलं, गूळ-बीळ मंत्रून टाकला, कारण त्याचं अन् माझं भिंतीवरून जमत नव्हतं. तीन दिवस मी त्याच्यावर पाळत ठेवली, खाट टाकून बसलो मागच्या दाराशी. सुमित्रा, आमची घरची, ती म्हणे, अजी, तो बिचारा लोधीखेड्याले गेला आहे आठ दिवसापासून, तो कायले गूळ टाकते, तुम्ही घागर-घागर पाणी पिऊन राहिले, दवाखान्यात जाऊन या. पोरी दोन आम्हाले, दोघी दिल्या, घरात आम्ही दोघंच. तिच्याशिवाय मले कोण सांगन?

गेलो. डॉक्टरसाहेब इथलेच, नाव नाही सांगत, अन् त्यांचा कंपाउंडर गजूभाऊ. सकाळची पेशाब शीशीत आणा म्हणे. नेली. गजूभाऊनं काचेच्या नळीत निळं औषध घेतलं, त्यात थेंब टाकले, अन् स्पिरिटच्या दिव्यावर धरली. मी डोळे वटारून पाहून राहिलो का हा हात कुठं फिरवते. निळं औषध हिरवं झालं, हिरव्याचं पिवळं, पिवळ्याचं नारिंगी, अन् पाहता पाहता विटेसारखं लाल. आमच्या धंद्यात हिरवं म्हणजे कच्चं अन् नारिंगी म्हणजे माल तयार, इथं सारं उलटं. डॉक्टर म्हणे, शामरावजी, निळं राहिलं पायजे, तुमची शुगर लय आहे. वजन उतरवा, पोट उतरवा, ज्वारीची भाकर, पालेभाजी, वरण, साखर नाही, गूळ नाही, भात नावाले, सकाळ-संध्याकाळ पायी फिरा, ही एक गोळी घ्या. अन् इतकं करून नाही उतरली तर सुई लावावी लागन.

सुई म्हटलं अन् मले महादेव दिसला.

मंग त्यांनी विचारलं, सकाळपासून रातपर्यंत काय काय खाता सांगा. मी सारं सांगितलं, एक घास लपवला नाही. चहा इतक्या खेप, भाकर इतकी, भात, सणाले पुरणपोळी, सारं. संत्र्याचं नाही सांगितलं. लपवलं नाही जी, मनातच नाही आलं! चाखणं म्हणजे काही खाणं आहे काय? ते तर काम आहे. तुम्ही लोहाराले विचाराल का काय खातो, तर तो हातोडा थोडी सांगन.

मनातून मले काही त्या डॉक्टरचा भरोसा नव्हता. पण सुईच्या भेवानं मी परहेज पाळलं. अन् पाळलं म्हणजे कसं! सुमित्रानं वरण वाढलं का मी आधी बोट लावून चाखो का हिनं गुळाचा खडा तर नाही टाकला, कारण तिच्या हातच्या वरणात नेहमी गूळ राहे. ती म्हणे, टाकला असता तर मीच सांगितलं असतं. दवाखान्यात वजनाचा काटा होता, लहानसा, पाय ठेवला का काटा थरथर करे, त्याच्यावर माझा इश्वास नाही, म्हणून मी मंडीत जाओ, जिथं मालाचे पोते तोलते तिथं, अन् मोठ्या काट्यावर उभा राहो. तोलणारा म्हणे, शामराव, किती भावानं द्याचं? सारे हासे. हासा बाप्पा. पण काटा तर खोटं बोलत नव्हता, दर पंधरा दिवसाले एक-दोन किलो उतरत होतं. उन्हाळा गेला, पाणकाळा लागला, पोळ्याले घरात पुरण शिजलं, मी बाहेर ओट्यावर बसून ज्वारीची भाकर अन् अंबाडीची भाजी खाल्ली, डोळ्यातून पाणी आलं पण खाल्ली. अन् भादव्यात गजूभाऊनं नळी तापवली तर निळी! जराशी हिरवट झाक, बस. डॉक्टरसाहेबानं माझ्या पाठीवर थाप मारली. मी त्या दिवशी घरापर्यंत तरण्या पोट्ट्यासारखा चालत आलो.

मंग दसरा आला अन् संत्र्याच्या आंबिया बहाराचा हंगाम सुरू झाला. तुम्ही समजून गेले असान, मी नव्हतो समजलो. रोज दोन बगीचे, तीन बगीचे. घरी तीच भाकर, तीच भाजी, तेच फिरणं. अन् कार्तिकात नळी पुन्हा नारिंगी. पंधरा दिवसानं लाल. डॉक्टर म्हणे, शामरावजी, खरं सांगा, दिवाळीचं फराळ खाऊन राहिले न? मी म्हटलं, एक करंजी नाही खाल्ली. ते हासले. ते हासले न जी, ते मले झोंबलं. घरी आलो तर सुमित्रा पण म्हणते, अजी, बाहेर हॉटेलात तर नाही बसत? मी साऱ्या दुनियेवर शक घेणारा माणूस, अन् माझ्यावरच शक! दोन दिवस मी तिच्याशी बोललो नाही.

मंग डोक्यात आलं, अरे, हा डॉक्टरच खोटा आहे. मी निळा झालो, म्हणजे त्याचा गिऱ्हाईक गेला, म्हणून आता हा त्या नळीत काहीतरी करते. याले पकडल्याशिवाय मी राहत नाही. बगीच्यात मालक मले जसा विहिरीजवळच्या झाडाकडं नेते, तसा हा मले नेऊन राहिला, पण मी कोपऱ्यातल्या झाडाकडं जाणारा माणूस.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सुमित्राले शीशी दिली. म्हटलं, यात तुझी पेशाब दे. ती म्हणे, अई, माझी कायले? म्हटलं, काही विचारू नको. तिले माझ्या रीती माहीत, दिली बिचारीनं. मी ती शीशी माझी म्हणून नेली. गजूभाऊनं नळी दिव्यावर धरली अन् काय सांगू तुम्हाले, नळी लाल झाली, माझ्यापेक्षा लाल. डॉक्टरसाहेब गंभीर झाले, म्हणे शामरावजी, आता सुईशिवाय इलाज नाही. मी मनात म्हटलं, पकडला! चांगल्या धडधाकट बाईच्या पेशाबीत हा शुगर दाखवते! तोंडानं म्हटलं, बरं साहेब, उद्या येतो. अन् जो बाहेर पडलो तो गेलोच नाही.

घरी येऊन सुमित्राले सांगितलं. आम्ही दोघं असे हासलो, असे हासलो का ती पदर तोंडाले लावून खाली बसली. म्हणे, म्हणजे मले पण शुगर! अन् मले पण सुई! त्या दिवशी मी तिले म्हटलं गोड कर, तिनं शिरा केला, दोघांनी खाल्ला. पानठेल्यावर जाऊन मी साऱ्याइले सांगितलं का मी डॉक्टरले कसा उल्लू बनवला, दुसऱ्याच चांगल्या माणसाची शीशी दिली तर त्याले पण बिमार करून टाकलं. चार-पाच माणसांनी तिथं जाणं सोडलं असन माझ्यापायी.

ही गोठ डॉक्टरच्या कानावर गेलीच. तिसऱ्या दिवशी गजूभाऊ सायकलनं पानठेल्यावर आला, मले बाजूले घेतलं अन् म्हणे, शामरावजी, साहेब रागावले नाही, ते इतकंच विचारते का ती शीशी ज्याची होती त्या माणसाले घेऊन या, लवकर घेऊन या. मी काय म्हटलं माहीत आहे? मी म्हटलं, एक गिऱ्हाईक सुटला म्हणून आता दुसरा पायजे काय तुमच्या साहेबाले? जा म्हटलं. तो गेला. अन् हे मी सुमित्राले सांगितलं नाही. आज पहिल्या खेप तुम्हाले सांगून राहिलो, हळू बोलतो, ती मागं भांडे घासून राहिली.

तो हिवाळा गेला. सुमित्रा वाळाले लागली. अंगानं भरलेली बाई, बांगड्या कोपरापर्यंत सरकाले लागल्या. मी म्हणो काम लय पडते. पाणी पिऊन राहिली, मी म्हणो ऊन लागली. अन् मोरीत मुंग्या लागल्या. ऐका बाप्पा, मोरीत मुंग्या, त्याच लाल मुंग्या. ज्या माणसाच्या स्वतःच्या पेशाबीले मुंग्या लागल्या होत्या त्याले काय समजाले पायजे होतं? पण बिमारीच खोटी आहे असं मी ठरवून टाकलं होतं न, मंग मुंग्यांचा मतलब एकच, ही चोरून साखर खाते अन् मोरीत हात धुते. मी साखरेच्या डब्यात बोटानं रेघ ओढून ठेवली. दुसऱ्या दिवशी पाहिलं, रेघ जशीच्या तशी. तरी मले वाटलं ही खाऊन परत रेघ ओढत असन. एक दिवस तोंडावर बोललो, काय व, म्हातारपणी साखर चोरते काय? ती चुलीपुढं बसून रडली. ते रडणं आजही कानात आहे माझ्या.

चैतात एक दिवस ती भाकरी टाकून राहिली होती अन् मी पाटावर जेवाले बसलो होतो. चुलीतून निखारा बाहेर पडला, ती उठली, तव्याले फडकं लावलं, अन् तिचा पाय त्या निखाऱ्यावर. मी म्हटलं, जळल्याचा वास कायचा येऊन राहिला व? ती इकडं-तिकडं पाहे, म्हणे भाकर जळली काय. भाकर नव्हती जळली. तिचा पाय जळून राहिला होता अन् तिले मालूमच नव्हतं. मी तिचा पाय ओढला. अंगठ्याजवळचं बोट. तिनं खाली पाहिलं अन् म्हणते, अई, दुखत तर नाही.

मी शेणाचा, हळदीचा हात पण लावू दिला नाही. मले महादेवचा काटा दिसला. पण तरी आठ दिवस गेले, कारण ती म्हणे दुखत नाही तर कायले दवाखाना, अन् मी त्या डॉक्टरच्या दारात कोणत्या तोंडानं जाऊ? बोट काळं पडाले लागलं तवा छकड्यात घातली अन् नेली. त्याच दारात. डॉक्टरसाहेबानं एक शब्द मागचा काढला नाही. गजूभाऊनं नळी तापवली. मी नळीकडं पाहत नव्हतो, मले माहीत होतं काय होणार आहे. लाल. तोच लाल रंग. तिची शीशी खरी होती. डॉक्टर खरा होता. दिवाळीपासून चैतापर्यंत ती बिमारी अंगात घेऊन भाकरी टाकत होती, अन् मले सांगितलं होतं डॉक्टरनं, माणूस पाठवून सांगितलं होतं.

नागपूरले नेलं, त्याच छोट्या गाडीनं. बोट काढावं लागलं, पाय राहिला. तिथला डॉक्टर म्हणे आणखी काही दिवस लावले असते तर पाऊल गेलं असतं. सुई लागली तिले, रोज. अन् ती सुई कोण टोचणार? मी. गजूभाऊनं मले शिकवलं, पहिल्या दिवशी मी सुई उचलून दोन खेप खाली ठेवली. ती म्हणे, टोचा जी, मले कुठं दुखते. पहिले मी सुईले मौत समजो, तिले रोज त्याच सुईनं उभी राहताना पाहिली.

मंग आम्ही दोघांनी मिळून परहेज पाळलं. एक ताट, एक भाकर, एक भाजी. मी तिच्या ताटाकडं शकानं पाहणं सोडलं, खरंच सोडलं, थोडंसं सोडलं असन समजा. माझं वजन पुन्हा उतरलं. ती हळूहळू भरली, तिच्या नळ्या हिरव्या होत गेल्या, डॉक्टरनं सुई कमी-कमी केली, मंग बंद करून गोळीवर आणली. अन् माझ्या? दसरा आला अन् माझी नळी नारिंगी. आता तर मले काहीच समजत नव्हतं. डॉक्टर खरा, घरची खरी, काटा खरा, तर मंग खोटं कोण?

सुमित्रा म्हणे, मले बगीच्यात घेऊन चला. म्हटलं, पाय असा, कायले? म्हणे, तुम्ही शीशी मागितली तवा मी दिली न, आज माझं इतकं ऐका. मोहगावकडच्या एका बगीच्यात छकड्यानं नेली. मी कोपऱ्यापासून सुरू केलं, एक झाड, अर्धं फळ तोंडात, उरलेलं फेकलं, पुढचं झाड. ती लंगडत लंगडत मागून चालून राहिली. मी म्हटलं सावलीत बस, तर नाही. बगीचा संपला तवा ती आली अन् पदर सोडला माझ्यापुढं. साली, अन् अर्धी-अर्धी फेकलेली संत्री, ढीग! म्हणते, मोजा. जितकं फेकलं तितकंच पोटात गेलं. मी मोजलं. सात-आठ संत्र्याचा माल होता, एका बगीच्यात, अन् त्या दिवशी आणखी दोन बगीचे बाकी होते. मी म्हटलं, हे खाणं थोडी आहे, हे तर चाखणं आहे. ती म्हणे, तुमच्या पोटाले कोणी सांगितलं का हे काम आहे म्हणून?

तोच पदर घेऊन ती दवाखान्यात गेली. डॉक्टरसाहेबाच्या टेबलावर साली ओतल्या. ते डोळे पुसेपर्यंत हासले, अन् ह्या खेप मले झोंबलं नाही.

चाखणं सोडलं जी. थुकून पाहिलं, पण मले थुकून काही समजत नाही, खोटं कायले सांगू. पंचवीस वर्षाची जीभ, एका दिवशी बेकार झाली असं वाटलं, तोंड वासून बसलो होतो ओट्यावर. मंग तोड काढली. आता मी कोपऱ्यातल्या झाडाचं फळ तोडतो अन् मालकालेच देतो, खा म्हणतो. अन् त्याच्या चेहऱ्याकडं पाहतो. आंबट असलं का डाव्या डोळ्याची पापणी उडते, कितीही दाबा. व्यापारी म्हणते, शामराव न खाता सांगते, पहिल्यापेक्षा बरोबर सांगते. शक काही सुटत नाही माणसाचा, कामाले लावता येते इतकंच.

चाखणं सुटल्यापासून माझी नळी निळी आहे. गोळी डॉक्टरनंच बंद केली. पण ते म्हणते बिमारी गेली नाही शामरावजी, दबून बसली आहे, पोट वाढवलं का उठन. म्हणून आता निळं औषध घरीच आणून ठेवलं आहे, त्या फळीवर पाहा, दिवा पण आहे. आठ दिवसाले दोन नळ्या. पहिली तिची, मंग माझी. तिची निळी राहिली तरी मी पुन्हा एक खेप तापवतो. ती चिडवते मले, म्हणे, माझ्या पेशाबीवर पण शक काय?

इतकं सारं झालं, पण ती गजूभाऊची गोठ मी तिले सांगू शकलो नाही. तिच्या पायाकडं पाहतो, चार बोटं, अन् तोंड उघडत नाही. गजूभाऊनं महिनाभर तिच्या पायाले पट्टी बांधली, माझ्यापुढं, एक शब्द नाही काढला त्यानं. रोज वाटे आज हा तिले सांगते, आज सांगते. तुम्ही लिहाले आले तर निघून गेली तोंडातून. तुम्ही पण तिले सांगू…

ही आली पाहा. चहा घ्या, बिनसाखरेचा आहे, आमच्या घरी असाच भेटन. काय म्हणते व? कायचं ऐकलं? काय माहीत होतं तुले?

ऐका जी, ही काय म्हणून राहिली. म्हणते, गजूभाऊ पानठेल्यावर जायच्या आधी घरी आला होता, तुम्ही नव्हते. त्यानं मले विचारलं का वहिनी, ती शीशी कोणाची होती, साहेबानं त्या माणसाले बोलावलं आहे. तर मीच त्याले म्हटलं, आमच्या घरी कोणी बिमार नाही, तुमच्या साहेबाची लबाडी समजली आम्हाले, जा. मीच त्याले दारातून वापस पाठवला. अन् बोट गेल्यावरही तुम्हाले सांगितलं नाही, का तुम्हाले वाईट वाटन.

काहून व? काहून पाठवला? तुले तर माहीत होतं शीशी तुझी आहे.

म्हणते, तुम्ही म्हणले होते न डॉक्टर खोटा आहे म्हणून. तुमचा भरोसा होता मले.

चहा प्या तुम्ही, थंडा होऊन राहिला. तिनं म्हटलं तसंच लिहा, एक शब्द इकडचा तिकडं करू नका. अन् उजेड आहे तोवर निघा, गाडी भेटन तुम्हाले. नाही, वाचून नका दाखवू. राहू द्या. तुम्ही लिहिलं ते बरोबरच असन.